दोष यंत्राचा कीं मनुष्याचा?

संगणक अडला कीं दोष प्रथम यंत्राच्या माथीं मारला जातो. इतिहास मात्र निराळेंच सांगतो. केंब्रिज विद्यापीठांत ‘एड्सॅक’ हा संगणक ६ मे १९४९ रोजीं प्रथम चालला. त्याचे निर्माते मॉरिस विल्क्स यांनीं त्याच्यासाठीं गणिताची एक आज्ञावली रचली. ओळी अवघ्या १२६. चुका निघाल्या सुमारें वीस! आयुष्याचा बराच काळ आपल्याच चुका शोधण्यांत जाणार, हें त्यांना जिन्याच्या वळणावर एकदम उमगलें. परंतु ते खिन्न होऊन बसले नाहींत. व्हीलर व गिल या सहकाऱ्यांसह त्यांनीं तपासून घेतलेल्या छोट्या आज्ञावलींचा संग्रह सिद्ध केला. १९५१ सालीं ती पद्धति ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. आज मांडीवर मावणाऱ्या संगणकांतही तीच रीत चालते. चूक आपलीही असूं शकेल, हें मान्य केल्यावांचून ती सांपडत नाहीं.