प्रस्थान

मराठीत ‘प्रस्थान ठेवणे’ असा एक जुना वाक्प्रचार आहे. मुहूर्तावर प्रत्यक्ष निघणे शक्य नसेल, तर सामानातील एखादी वस्तू त्या वेळी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवावी. प्रवास तेव्हाच सुरू झाला, असे मानीत. निघण्याची तयारी हा प्रवासाचाच भाग, ही समज त्यात आहे. सागरी सफरींचा इतिहास मात्र बहुधा नांगर उचलल्यापासून लिहिला जातो, आणि त्यामुळे त्यातील ‘एकट्याने’ हा शब्द तपासला जात नाही, असे आम्हांस वाटते.

शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला मनुष्य जोशुआ स्लोकम. तो २४ एप्रिल १८९५ रोजी बॉस्टनहून निघाला आणि जून १८९८ मध्ये परतला. त्याची ‘स्प्रे’ ही नौका फेअरहेवन येथे शेतात टेकू देऊन ठेवलेली होती. एबेन पियर्स या वृद्ध कप्तानाने ती त्याला देऊ केली. स्लोकमने जवळच्या ओक वृक्षाचे लाकूड वापरून तेरा महिन्यांत ती जवळजवळ नव्याने बांधली. सामानाचा खर्च ५५३.६२ डॉलर आला, हे त्याने सेंटपर्यंत नोंदविले आहे. त्याची दुसरी पत्नी हेन्रिएटा मात्र मागे राहिली. फळ्यांविषयी इतके सांगणारे त्याचे पुस्तक तिच्याविषयी जवळजवळ मौन बाळगते. घर सोडणाऱ्याची तयारी लिहिली गेली; घर सांभाळणारीची नाही.

हाच शब्द शतकानंतर भारतीय नौदलातील दिलीप दोंदे यांच्या सफरीला लागला. निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या कल्पनेतून ही मोहीम निघाली आणि २००६ मध्ये दोंदे यांनी ती अंगावर घेतली. तेव्हा नौकाच नव्हती. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटांची ‘म्हादेई’ आकारास आली. अशी नौका त्या कारखान्याने पूर्वी बांधली नव्हती. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली. १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघालेले दोंदे मे २०१० मध्ये परतले. सफर नऊ महिन्यांची, तयारी सुमारे तीन वर्षांची!

पुढे सहा महिला नौदल अधिकाऱ्यांनी याच ‘म्हादेई’वर सराव केला आणि त्याच कारखान्यात बांधलेल्या ‘तारिणी’तून २०१७-१८ मध्ये प्रदक्षिणा पूर्ण केली. म्हणजे एकाची सफर दुसऱ्यांची तयारी ठरली.

यामुळे समुद्रावरील एकटेपण खोटे ठरत नाही. वादळात सुकाणू धरणारा हात एकच असतो, आणि त्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु त्या हाताखालचे लाकूड कोणी तासले, मागचे घर कोणी चालविले, हे प्रश्न प्रवासवर्णनाच्या वाचकाने विचारलेच पाहिजेत. वाचनाची सुरुवात पहिल्या लाटेपासून नव्हे, प्रस्थानापासून व्हावी.