यहुदी नित्यप्रार्थना : कालनिर्णय आणि अध्ययन

यहुदी धर्मजीवनात प्रातःकाळची ‘शाहरित’, अपराह्णाची ‘मिन्हा’ आणि रात्रीची ‘आरवित’ अशा तीन नित्य प्रार्थना आहेत. त्यांखेरीज ईश्वराचे एकत्व घोषित करणाऱ्या ‘शेमा’चे पठण सकाळी व रात्री विहित आहे. कोकणातील बेने इस्राएल समाजाने हिब्रू विद्येशी संबंध तुटल्यावरही शेमा जपला, ही परंपरा सर्वश्रुत आहे.

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले व तेथील नित्य बलिदान खंडित झाले. तथापि इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’चा आरंभच रात्रीचा शेमा केव्हापासून म्हणावा, या प्रश्नाने होतो, आणि पुरोहित आपला वाटा भक्षण करण्यास जातात तेव्हापासून, असे त्याचे उत्तर आहे. मंदिर गेले, परंतु त्याची वेळ टिकली. हा काळ घटिकायंत्राने नव्हे, तर सूर्याने ठरतो : दिवसाचे बारा समान भाग पाडून ‘तास’ मोजले जात असल्यामुळे ऋतुमानाप्रमाणे तासाची लांबी बदलते.

प्रार्थना नित्य बलिदानांच्या स्थानी आल्या, हे ताल्मुदातील एक मत होय. परंतु बलिदाने दोनच होती, सकाळची व अपराह्णाची; म्हणून रात्रीच्या प्रार्थनेविषयी वाद उपस्थित झाला. रब्बान गमलिएल तिला अनिवार्य मानीत, तर रब्बी यहोशुआ ऐच्छिक. गमलिएल यांनी यहोशुआंना भर सभेत उभे ठेवल्यामुळे सभा क्षुब्ध झाली व गमलिएल पदच्युत झाले, असे ताल्मुद सांगते. पुढे तडजोड झाली. तत्त्वतः यहोशुआंचे मत मान्य झाले, तथापि लोकांनी आरवित नित्यकर्म म्हणूनच स्वीकारली.

अध्ययन आणि प्रार्थना यांची वेळ एकच आली तर काय करावे, हा प्रश्न अधिक सूक्ष्म होता. मिश्नानुसार शेमासाठी अध्ययन थांबवावे, प्रार्थनेसाठी थांबवू नये. ताल्मुदात रब्बी योहानान हा नियम शिमोन बार योहाई यांच्यासारख्यांपुरताच सीमित करतात. कारण अध्ययन हाच त्यांचा एकमेव व्यवसाय होता. इतरांनी, आपणासारख्यांनीही, दोन्हींसाठी थांबावे, असे ते म्हणतात. विद्येला सर्वोच्च स्थान देणाऱ्या या परंपरेने विद्येच्या नावाखाली मिळणारी सवलत मात्र अशी संकुचित केली. त्याच वेळी प्रातःप्रार्थनेच्या आरंभी तोरा व मिश्ना यांतील उतारे समाविष्ट झाले. त्यामुळे श्रमजीवी उपासकाच्या दिनक्रमातही अध्ययनाचा काही अंश अनायासे आला.