शिळेवरचे पक्षी

ज्या छपाईला मराठीत शिळाछाप म्हणतात आणि जिच्या आधारे गणपत कृष्णाजींनी 1841 मध्ये मुंबईत मराठी पंचांग छापले, तीच छपाई इंग्लंडमध्ये त्याआधी वीसएक वर्षे पक्ष्यांच्या चित्रग्रंथांसाठी वापरात आलेली होती. बव्हेरियातील अलॉइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधलेल्या या पद्धतीचे सारे मर्म तेल आणि पाणी यांच्या वैरात आहे : घासून सपाट केलेल्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने, अर्थातच उलटे, चित्र काढायचे, त्यावर डिंक व सौम्य आम्ल यांचे मिश्रण फिरवायचे आणि शिळा ओली ठेवून शाईचा रूळ चालवायचा, म्हणजे शाई केवळ खडूच्या खुणांनाच धरते.

त्यापूर्वी चित्रकाराचे चित्र दुसराच कारागीर तांब्याच्या पत्र्यावर कोरत असे. त्याला मजुरी भरपूर पडे आणि पिसांचा मऊपणा बहुधा रेघांच्या जाळीत हरवून जाई. शिळेने हा मध्यस्थ दूर केला. विल्यम स्वेन्सन या निसर्गअभ्यासकाने 1820 पासून ती वापरली, तर एडवर्ड लिअर याने 1830 ते 1832 या काळात, वयाच्या विशीच्या आसपास, पोपटांची 42 चित्रे स्वतः शिळेवर उतरवली. पेंढा भरलेल्या नमुन्यांऐवजी शक्य तेथे जिवंत पक्षी समोर ठेवण्याचा त्याचा आग्रह होता, आणि त्या पोपटांच्या नजरेतला खट्याळपणा पाहता तो योग्यच ठरतो. छापील पान काळेपांढरेच निघे. रंग प्रत्येक प्रतीवर हाताने भरावे लागत.

याच सुमारास जॉन गूल्ड या पेंढा भरण्याच्या कामातील निष्णात माणसाच्या हाती हिमालयातील पक्ष्यांची कातडी आली आणि त्यांतून शंभर पक्ष्यांचा, 80 चित्रांचा ग्रंथ उभा राहिला. प्रकाशक न मिळाल्याने गूल्डने तो वर्गणीदार जमवून स्वतःच काढला. मजकूर निकोलस व्हिगर्स यांचा होता. चित्रे शिळेवर उतरवली ती मात्र गूल्डची पत्नी एलिझाबेथ हिने. ग्रंथ पुढे गूल्डच्या नावानेच ओळखला गेला, हे श्रेयाचे वाटप न्याय्य म्हणता येत नाही. त्यातील एका शिंजिराला, म्हणजे फुलांतील मध पिणाऱ्या चिमुकल्या पक्ष्याला, व्हिगर्स यांनी एलिझाबेथचे नाव दिले. शास्त्रीय परिभाषेत तो आजही ‘गूल्डिए’ याच जातिनामाने ओळखला जातो, आणि जिच्यावरून हे नाव पडले ती एलिझाबेथ भारतात कधीच आली नव्हती.