गटाच्या डाळ मिलचा हिशेब : 'वर्क ऑर्डर' म्हणजे काय, ती कशी चालवायची?

गटाची डाळ मिल सुरू झाली की कधी ना कधी एखादा सभासद विचारतोच, "तूर एवढी घातली, मग डाळ एवढीच कशी?" वहीत आवक असते, विक्री असते. मधे मिलमध्ये काय झालं ते नसतं. स्टॉकच्या सॉफ्टवेअरमधली 'वर्क ऑर्डर' म्हणजे हीच मधली नोंद. उदाहरणाला मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं 'ईआरपीनेक्स्ट' घेऊ. हे सॉफ्टवेअर मोफत आहे, सर्व्हरचा खर्च वेगळा.

१) बिल ऑफ मटेरियल : किती कच्च्या मालातून किती पक्का माल, हे आधी भरायचं. समजा, १०० किलो तुरीतून ७२ किलो डाळ, २४ किलो चुणी-भुसा आणि ४ किलो घट. हे आकडे दुसऱ्याचे घेऊ नका. आपल्याच मिलवर दोन-तीन वेळा वजन करून ठरवा.

२) वर्क ऑर्डर : ७२० किलो डाळीची ऑर्डर काढली की १,००० किलो तूर लागेल, हे सॉफ्टवेअर सांगतं. ऑर्डर सबमिट केली तरी स्टॉक अजून हललेला नसतो.

३) स्टार्ट : तूर गोदामातून 'वर्क इन प्रोग्रेस' खात्यात जाते. बटण दाबल्यावर उघडणारी स्टॉक एंट्रीही सबमिट करावी लागते. बरेच जण इथंच चुकतात.

४) फिनिश : आता तूर वजा होते, डाळ आणि चुणी जमा होते. डाळ ६९० किलोच भरली तर ६९०च लिहा. ७२० लिहून आकडा जुळवला, तर ३० किलो डाळ फक्त कागदावर राहते.

लाईट गेली आणि निम्मंच काम झालं, तर तेवढंच फिनिश करा. बाकीचं दुसऱ्या दिवशी त्याच ऑर्डरवर होतं. 'स्टॉप' केलेली ऑर्डर पुन्हा चालू करता येते, 'क्लोज' केलेली नाही. काम अर्धवट सोडलं तर उरलेली तूर मूळ गोदामात परत दाखवायला विसरू नका.

पाकिटावर बॅच नंबर छापणं कायद्याने बंधनकारक आहे. तोच नंबर ऑर्डरला जोडला, तर तक्रार आल्यावर ती डाळ कोणत्या दिवशीची, ते लगेच सापडतं.

सॉफ्टवेअर वजन करत नाही, वजन आपणच करायचं. पण खरं वजन रोज भरलं, तर सभासदाच्या प्रश्नाला उत्तर मोबाईलवरच दाखवता येतं.