स्टार्चच्या कड्यांची कुळकथा

दोंडाईचा म्हटलं की मिरचीचा बाजार आठवतो. पण धुळे जिल्ह्यातल्या या गावी मक्यापासून स्टार्च काढणारा मोठा कारखानाही आहे. मका भिजवायचा, भरडायचा, अंकुर, कोंडा आणि प्रथिनं वेगळी करायची. मागे पांढरंशुभ्र स्टार्च राहतं. कापडाला खळ देणं, औषधाची गोळी बांधणं ही त्याची रोजची कामं. या स्टार्चच्याच कुळातला एक पदार्थ जनुकाला गप्प करणारं औषध घेऊन कर्करोगाच्या गाठीत शिरला.

1891 मध्ये फ्रान्सच्या विलिए यांनी स्टार्चवर जिवाणू सोडले. किलोभर स्टार्चमधून जेमतेम तीन ग्रॅम स्फटिक मिळाले. पुढे ऑस्ट्रियाच्या शार्डिंगर यांनी त्यांचा नेटाने अभ्यास केला. हे सायक्लोडेक्स्ट्रिन: सहा, सात किंवा आठ ग्लुकोजचं कडं, बुड नसलेल्या टोपलीसारखं, बाहेरून पाण्यात मिसळणारं, आतून पाणी टाळणारं.

औषधाचा शोध बराच नंतरचा. दुहेरी आरएनए पेशीत गेला की त्याच्याशी जुळणाऱ्या जनुकाचा निरोप नष्ट होतो, हे फायर आणि मेलो यांनी 1998 मध्ये सूतकृमीत दाखवलं. 2006 चं नोबेल त्यांना मिळालं. पण उघडा आरएनए रक्तात टिकत नाही: विकरं त्याचे तुकडे करतात, मूत्रपिंडं गाळून टाकतात. औषध होतं, वाहन नव्हतं.

ते कॅलटेकचे रासायनिक अभियंते मार्क डेव्हिस यांनी घडवलं. स्तनाच्या कर्करोगावरच्या केमोथेरपीने त्रासलेल्या पत्नीने त्यांना विनवलं होतं की यापेक्षा बरा उपाय शोधा. डेव्हिस यांनी कडी गुंफून धनभारित साखळी केली. ऋणभारित आरएनए तिला बिलगला आणि सुमारे 70 नॅनोमीटरचा कण झाला. कड्यांच्या पोकळीत अ‍ॅडमॅन्टेन हा रेणू रुतवून त्याला संरक्षक पॉलिमर आणि ट्रान्सफेरिन जोडलं. ट्रान्सफेरिन लोह वाहतं, आणि झपाट्याने वाढणाऱ्या गाठीला लोहाची हाव असते.

2010 मध्ये रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: रुग्णांच्या गाठींत कण पोचले होते आणि निरोप अपेक्षित जागीच कापला गेला होता. माणसात असा पुरावा प्रथमच मिळाला. तरी ते औषध चाचण्यांपुढे गेलं नाही. 2018 मध्ये मान्यता मिळालेलं, याच तत्त्वावरचं पॅटिसिरॅन हे औषध चरबीच्या कणांतून यकृतात जातं; ते कर्करोगावरचं नाही. गाठीचं काम अजून बाकी आहे.

विलिए यांच्या तीन ग्रॅमचा उपयोग त्या वेळी कोणी सांगू शकलं नसतं. शिरपूरला औषधनिर्माणशास्त्राचं शिक्षण आहे, जळगावला विद्यापीठ आहे, मका तर शिवारातच आहे. इथल्या तरुण संशोधकांनाही फळ दिसण्याआधीची वर्षं मोकळ्या हाताने द्यायला हवीत.