सोन्याचा वर्ख आणि पालक

साल १८५६. लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या तळघरात तुम्ही उभे आहात. पासष्टीला टेकलेले मायकेल फॅरेडे पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणावर सोन्याचा वर्ख अलगद सोडताहेत. श्वास जरा आवरा. फुंकरीनेसुद्धा तो चुरगळेल, शिवाय खालचं पाणी जहरी आहे. वर्ख झिजून आणखी विरळ होतो, मग काचेवर उचलला जातो. काच उजेडासमोर धरा: पिवळं सोनं आरपार हिरवं दिसतं! फडताळावरच्या बाटलीत मात्र तेच सोनं, सूक्ष्म कणांच्या रूपात, माणकासारखं लालभडक. कण बदलले की रंग बदलतो, इतपत फॅरेडेंनी ताडलंय. या रंगांमागे धातूतल्या इलेक्ट्रॉनांचं प्रकाशाबरोबर हेलकावणं आहे, हे मात्र त्यांच्या कानात सांगू नका. इलेक्ट्रॉन सापडायला अजून चाळीसेक वर्षं आहेत.

आता २००८, अमेरिकेतलं नॅशव्हिल, व्हँडरबिल्ट विद्यापीठ. पुन्हा वर्खच, पण चांदी मिसळलेला, आणि तरंगतोय तेजाबावर. आपल्या सराफकट्ट्यावर कुणाला यात नवल वाटणार नाही. चांदी विरघळून जाते, उरतं जाळीदार सोनं. जाळीमुळे पृष्ठभाग वाढला, म्हणजे बसायला जागा जास्त. प्रकाशापासून वीज मिळवण्यासाठी तिथे बसवायचंय ते पालकातून वेगळं काढलेलं प्रथिन, फोटोसिस्टीम-१. शोषलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रकाशकणामागे ते एक इलेक्ट्रॉन ढकलतं. माणसाने बनवलेल्या यंत्रांनी हेवा करावा असा हिशेब. दिवा लावा. वीज वाहते, पण इतकी क्षीण की मोबाईल चार्ज करायचा विचार सोडून द्या.

फॅरेडेंना न सांगितलेलं ते हेलकावणं कामाला लावलेलं बघायला त्याच वर्षी म्युनिकला या. चांदीच्या नॅनोबेटांवर समुद्री सूक्ष्मशैवालातलं प्रकाश टिपणारं प्रथिन ठेवलंय. सूक्ष्मदर्शकात डोकावा: हरितद्रव्याची लाल चमक तब्बल अठरापटीपर्यंत वाढलीय. चांदीतले इलेक्ट्रॉन हेलकावताना आसपास प्रकाशाची तीव्रता वाढवतात, हे त्याचं कारण. पण प्रथिन धातूला थेट चिकटवलं, तर धातूच ती ऊर्जा गिळतो. काही नॅनोमीटरचं अंतर राखावं लागतं, आणि प्रयोगकर्त्यांची खरी कसरत तिथेच असते.

माझ्या मते क्षीण विजेपेक्षा मोठी पंचाईत प्रथिनाच्या आयुष्याची आहे. जिवंत पानात उन्हाने बिघडलेली प्रथिनं सतत बदलली जातात. या सोन्याचांदीवर दुरुस्तीला पेशीच नाही.