अंगकाठी पाहून निवडलेला खेळाडू

मी जबलपूरच्या चेरीतालहून बोलतो आहे. आमच्याकडे पोरगा उंच, दणकट निघाला की शेजारीपाजारी लगेच म्हणतात, 'याला मैदानावर पाठवा.' नुसती अंगकाठी पाहून खेळाडू निवडला तर काय होतं, त्याचा इतिहास आज सांगतो.

भारतीय क्रीडा प्राधिकरण 1984 मध्ये स्थापन झालं. त्याच्या विशेष क्षेत्र क्रीडा योजनेत 1987च्या सुमारास कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातली सिद्दी मुलं निवडली गेली. सिद्दी म्हटलं की आपल्याला जंजिरा आठवतो. हे सिद्दी मात्र हल्याळ, यल्लापूरच्या जंगलपट्ट्यातले. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, बरेचसे गुलाम म्हणून आणलेले. हिशेब सोपा होता: रक्त आफ्रिकेचं, तेव्हा धावण्यातलं ऑलिंपिक पदक मिळेल.

मुलं घर सोडून वसतिगृहात आली, सराव सुरू झाला. काहींनी राष्ट्रीय पातळीवर पदकंही मिळवली. पण 1993 मध्ये हा कार्यक्रम बंद झाला. काहींना नोकऱ्या मिळाल्या, अनेक जण गावी परतले.

याच योजनेतून राजस्थानचा लिंबाराम पुढे आला. 1987 मध्ये निवड, 1988 मध्ये थेट सोल ऑलिंपिक. 1992 मध्ये तर त्यानं जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. फरक कुठे होता? लिंबारामच्या हातात लहानपणापासून धनुष्य होतं. निवडणाऱ्यांनी त्याचा नेम पाहिला. सिद्दी मुलांच्या बाबतीत आधी पाहिला तो वंश.

ही चूक श्रीमंत अमेरिकेतही होते. तिथल्या फुटबॉलमध्ये संघ दरवर्षी नवे खेळाडू क्रमानं निवडतात. 2008 मध्ये न्यूयॉर्क जेट्सनं व्हर्नन घोल्स्टनला सहाव्या क्रमांकावर घेतलं. ताकद, वेग, सगळं अव्वल. प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडणं हे त्याचं मुख्य काम. तीन हंगामांत ते त्याला एकदाही जमलं नाही.

पण घोल्स्टनला कराराचे पैसे तरी मिळाले. आपल्याकडे डाव फसला की संस्था पुढची योजना आखते आणि पोराची शाळेची वर्षं हातातून गेलेली असतात. म्हणून मुलाला निवडायला कोणी आलं, तर पालकांनी विचारावं: याचा खेळ पाहिलात का? किती वर्षं शिकवणार? आणि नाहीच जमलं, तर याच्या शिक्षणाचं काय?

उत्तरं मिळाली, तरच पोराला पाठवा.